सोन्याचं घड्याळ

परवा दुपारी लाईट गेलेली, फोनचीपण बॅटरी संपत आलेली, म्हणून कपाट आवरायला घेतलं (माझं आवरणं म्हणजे एक ड्रॉवर ओढायचा आणि तिथंच दोन तास बसायचं), तर कुंदा मिठाईच्या रिकाम्या डब्यात आप्पांचं घड्याळ सापडलं. एचएमटी, चावीचं, सोन्याचं. 1974 ला लग्नात आज्जानं जावयाला घातलेलं, आणि "आमच्या बाबांनी सोन्याचं घड्याळ घातलंय" हे आई अजून येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगते.

रंग मात्र बघवत नव्हता. पट्टा अडकवायच्या खाचेत काळं मेण भरल्यासारखं, त्याच्या खाली हिरवा थर, कल्हई गेलेल्या पितळी भांड्याला येतो तसा, आणि चावीच्या दातांत तर काय बोलायला नको. हा मळ म्हणजे घाम, धूळ आणि मेलेली कातडी. म्हणजे कातडी आप्पांचीच की, असं एकदा मनात आलं, पण त्यावर विचार करत बसलो असतो तर घासलंच नसतं.

बायको म्हणाली टूथपेस्ट लावा, आईनं आतनं सांगितलं रिठ्याचं पाणी. मी दोघींचं ऐकलं नाही. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, चकाकी घालवते. पट्टा काढला, त्याची स्प्रिंगची काडी उडून कॉटखाली गेली, ती जातेच. वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लहान पोरांचा मऊ ब्रश, तोपण झटकून नुसता दमट, कारण असली घड्याळं बुडवायची नसतात, चावीतनं पाणी शिरलं की काचेला आतनं धुकं धरतं आणि मग बसा बघत. खाचेतलं दातकोरणीनं काढलं. वेळ लागतो, पण एक काळी सुरळी अख्खी बाहेर आली की जो आनंद होतो तो कुणाला सांगायसारखा नाही.

आप्पा बेळगावात, खडेबाजारात एका कापडदुकानात हिशेब लिहायचे. रोज पूजा झाली की ओल्या धोतरावरच उभं राहून चावी द्यायचे, मोजून वीस वळसे, एकविसावा नाही. रविवारी तो मान माझा, पण अठरा झाले की घड्याळ काढून घ्यायचे, शेवटचे दोन स्वतः. आणि घड्याळ कायम पाच मिनिटं पुढं. कारण टिळकवाडीचं रेल्वे गेट. गेट पडलं की गाडी कुठं दिसायचीच नाही, सगळी सायकलवाली माणसं एक पाय खाली टेकून उभी, आणि आप्पा मनगट उलटं करून बघत. पाच मिनिटं रेल्वेची, म्हणायचे. ती पाच मिनिटं पुढं असल्याचं त्यांना माहीत असायचंच की, तरी दचकायचे.

शाळेत कन्नडच्या तासाला घड्याळाला गडियार म्हणतात हे कळल्यावर मला वाटलेलं गडी आणि यार, दोन्ही दोस्तच. कन्नडात गडी म्हणजे सीमा, हे नंतर कळलं. असो.

तर मागची बाजू घासताना अक्षरं वर यायला लागली. आधी वाटलं ओरखडे आहेत. मग इंग्रजीत 'गोल्ड', आणि अजून दोनदा ब्रश फिरवल्यावर 'प्लेटेड'. म्हणजे वर सोन्याचं पाणी. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात, असले वीस मायक्रॉन एकावर एक धरले तरी केसाएवढी जाडी होत नाही. त्यावर आमच्या वाटणीत दादा आणि मी आठ महिने एकमेकांच्या दारात गेलो नव्हतो. बरं, ज्या कंपनीनं बेंगळुरात 1961 पासून जपानच्या सिटिझनची मदत घेऊन घड्याळं काढली, ती कारकुनाच्या मनगटाला खरं सोनं कुठनं बांधणार, एवढी अक्कल कुणालाच कशी नव्हती कोण जाणे. 2016 ला केंद्रानं ती घड्याळं बंद करायचा निर्णय घेतला तेव्हापण आई म्हणालेली, आता आपल्या सोन्याला भाव येईल बघ.

पट्टा लावला, वीस वळसे चावी दिली, आईच्या हातात नेऊन दिलं. तिनं उलटंसुलटं काही बघितलं नाही, मोतीबिंदू आहे, सरळ कानाला लावलं.

"चालतंय की रे. पाच मिनिटं पुढं लाव."