निवृत्त शिक्षक हवेत, खजिनदारीसाठी

आमच्या संस्थेत काम करायचंय म्हणून फोन करणाऱ्यांत निवृत्त शिक्षकांचा भरणा मोठा. बोलणं साधारण ठरलेलं असतं. "बाई, मी उभी हयात गणित शिकवलंय. मला एखादा वर्ग द्या." मी म्हणते, "देऊ की. पण आधी एक विचारते, हिशेब लिहाल का?" पलीकडे जरा चुळबुळ होते. मग उत्तर येतं, "हिशेबाचं काय, तो कुणीही लिहील."

कुणीही लिहीत नाही, हीच तर अडचण आहे.

मी आधी शिक्षिका, नंतर मुख्याध्यापिका. आता एका छोट्या संस्थेची अध्यक्ष, अर्थात विनावेतन. शाळा सुटल्यावर मुलांसाठी अभ्यासवर्ग, संध्याकाळी मोठ्यांसाठी वाचन-लेखनाचा वर्ग आणि एक बऱ्यापैकी वापरात असलेलं वाचनालय, एवढा आमचा पसारा. कार्यकारिणीत निम्म्याहून जास्त माणसं शिक्षण क्षेत्रातून निवृत्त झालेली. कुणी मुख्याध्यापक होते, कुणी शाळा तपासायला जायचे, कुणी शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे. देणगीदारांना ही यादी फार आवडते. "इतकी अनुभवी मंडळी आहेत म्हटल्यावर काळजीच नाही," म्हणतात. मला काळजी नेमकी तिथेच वाटते. आमची पिढी शाळेत शिकली ती सत्ता वापरायला, आणि संस्थेत सत्ता नावाची वस्तूच नाही.

म्हणजे कसं? शाळेत एखादे सर आले नाहीत तर रजेचा अर्ज येतो, बदली तासिका लागते, फार झालं तर कारणे दाखवा नोटीस निघते. इथे मंगळवारी दुपारी मोबाइलवर दोन ओळी येतात, 'उद्यापासून जमणार नाही, सॉरी,' आणि विषय संपतो. स्वयंसेवकाचा पगार कापता येत नाही, त्याच्या गोपनीय अहवालात शेरा मारता येत नाही. पुन्हा यावं असं त्याला वाटलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात. आणि ते ज्या गोष्टींवर अवलंबून असतं त्या फार साध्या असतात. वर्गाची चावी वेळेवर मिळाली का? खडू-कागद होते का? कुणी विचारलं का की आज कसं झालं? आमच्यातले एक माजी मुख्याध्यापक नव्या मुलीच्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसायचे आणि तास संपल्यावर तिला तिच्या उणिवा वाचून दाखवायचे. हेतू शंभर टक्के चांगला. ती मुलगी गेली, तिच्यामागोमाग तिची मैत्रीणही गेली.

सभांचं तर विचारूच नका. शिक्षकांच्या सभेत मागच्या इतिवृत्ताचं वाचन हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. सचिवांनी इतिवृत्त वाचायला घेतलं की भाषा विषयाच्या आमच्या ज्येष्ठ बाई पेन काढतात. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, 'सर्वानुमते' की 'एकमताने'. एका सभेत हे चाललं होतं तेव्हा खजिनदार, वयाने सगळ्यांत लहान, हात वर करायचा, कुणी पाहत नाही म्हटल्यावर खाली घ्यायचा. त्याचा मुद्दा असा होता: एका देणगीदाराने वाचनालयाच्या पुस्तकांसाठी म्हणून रक्कम दिली होती, ती पडून होती. इकडे संध्याकाळच्या वर्गाचं भाडं थकलं होतं. वर्गाच्या प्रमुखांनी पुस्तकांच्या पैशातून भाडं भागवायला सांगितलं होतं आणि चेकवर सही करावी की नाही, हे त्याला विचारायचं होतं.

शेवटी मुद्दा निघाला तेव्हा टेबलाभोवतीचा सूर एकच. "अहो, सगळं मुलांसाठीच ना? या खिशातून त्या खिशात." इतकी सज्जन माणसं, कुणाच्या मनात काही काळंबेरं नाही, आणि तरीही चूक. ज्या कामासाठी म्हणून पैसे घेतले त्याच कामाला ते लावायचे, ही देणगीची अट असते. दुसरीकडे वळवायचे असतील तर देणगीदाराला लेखी विचारायचं, त्याची लेखी संमती फाइलला लावायची, आणि तोवर ती रक्कम ताळेबंदात वेगळी दाखवायची. शाळेत ही सवय लागायला वावच नसतो. अनुदान वरून येतं, कशावर किती खर्चायचे तेही वरूनच ठरतं, आणि लेखापरीक्षक येतात तेव्हा कारकून सगळं बघतो. पैशाचा निर्णय आपला असतो हे बऱ्याच शिक्षकांना पहिल्यांदा कळतं ते विश्वस्त झाल्यावर. (भाड्याचं काय झालं? आम्हीच आपापसात वर्गणी काढली. पुस्तकांच्या पैशांची पुस्तकंच आली.)

म्हणून मी नव्या अनुभवी माणसाला पहिले सहा महिने खजिनदाराशेजारी बसवते. पावतीपुस्तक, व्हाउचर, बँकेचं पासबुक आणि रोकड वही यांचा मेळ घालायचा. फार कंटाळवाणं आहे, पण संस्था कुठे गळते ते याच कागदांवर दिसतं. चेकवर दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. हे मुद्दाम सांगते, कारण शिक्षकांच्या संस्थांत नवरा-बायको दोघंही शिक्षक आणि दोघंही कार्यकारिणीत, हे सर्रास असतं. अशी तीन जोडपी असली की गणपूर्तीची चिंता मिटते. मतभेद तेवढे सभेऐवजी घरी मिटवले जातात आणि सभेला आयता ठराव येतो.

आता हे वाचून कुणाला वाटेल की बाईंना शिक्षकांचं वावडं आहे. तसं मुळीच नाही. अनुभवी शिक्षकाला जे दिसतं ते दुसऱ्या कुणालाही दिसत नाही, हे मी रोज बघते. आमचा हजेरीपट एका तरुणाने संगणकावर घातला होता, रंगीत आलेख वगैरे, सरासरी उपस्थिती छान. शाळा तपासण्यात आयुष्य गेलेले आमचे एक सर मात्र मूळ कागदच मागून घेतात. उभ्या रकान्यावरून बोट फिरवत फिरवत ते एकदा थांबले. "या चार मुली एकाच दिवशी कशा गैरहजर? आणि दर आठवड्याला?" चौघींचं वय साधारण सारखं, चौघींना धाकटी भावंडं. चौकशी केली तर त्या दिवशी त्यांच्या आयांची कामाची पाळी उशिरा सुटायची, घरी लहानांना बघायला कुणी नव्हतं. सरासरीत हे कधीच दिसलं नसतं. सरांनी सुचवलं, धाकट्यांनाही घेऊन या म्हणावं. वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, चित्रांची पुस्तकं ठेवली, वाचनालयातल्या एका आजोबांना तिथे बसवलं. मुली यायला लागल्या. गोंगाट वाढला तो वाढलाच, त्याला इलाज नाही.

याच सरांशी माझा दुसऱ्या एका गोष्टीवरून मात्र बराच वाद झाला. ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं, गणित येतं हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत 2005 पासून मुलांचं वाचन ज्या पद्धतीने तपासतात ती अगदी सोपी आहे. मुलासमोर आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर वाचतं ती त्याची पातळी, मग ते कोणत्याही इयत्तेत असो. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने त्याच धर्तीवर इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करून शिकवायची पद्धत रुजवली. आम्हीही तसे गट करायचं म्हटलं तर सर म्हणाले, "सातवीच्या पोराला चौथीच्या पोराशेजारी बसवणार? त्याची लाज काढणार?" मुद्दा खोटा नव्हता. पण शब्दांवर अडखळणाऱ्या पोराला सातवीचा धडा पुढे ढकलत नेला की त्याची लाज रोजच निघते, फक्त कुणी बोलत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करायचा ही शाळेची बांधिलकी. ती आपल्यावर नाही, हीच तर शाळेबाहेरच्या संस्थेला मिळालेली मोकळीक. सरांना पुरतं पटलं असं नाही म्हणणार मी. एकाच वयाच्या मुलांना शक्यतो एकत्र ठेवायचं, अशी भर घालून ते गप्प झाले. ती भर चांगली होती, आम्ही ती ठेवली.

या सगळ्या संदर्भात मला सेप्टिमा क्लार्क आठवतात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात त्यांनी चाळीसेक वर्षं शिकवलं. 1956 मध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. मग त्या टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये मोठ्या माणसांना साक्षर करायच्या कामाला लागल्या. त्या काळी दक्षिण कॅरोलिनात मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचता येतं हे सिद्ध करावं लागे आणि कृष्णवर्णीयांना त्याच अटीवर अडवलं जाई. 1957 च्या जानेवारीत तिथल्याच जॉन्स आयलंड या बेटावर पहिला वर्ग सुरू झाला, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत. पुढे दुकान होतं म्हणून मागे काय चाललंय याचा बाहेर संशय येत नव्हता.

शिकवायला कोण? चाळीस वर्षांच्या अनुभवाच्या सेप्टिमाबाई नव्हेत. त्यांच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशरचनेचा आणि शिवणाचा व्यवसाय करायच्या, वर्ग कधी घेतलेला नव्हता. आणि त्यांना निवडलं ते याचसाठी, कारण प्रशिक्षित शिक्षक आपल्या डोक्यातला अभ्यासक्रम घेऊन जाईल, अशी भीती होती. बर्निस पहिल्या दिवशी लहान मुलांची वाचनपुस्तकं घेऊन गेल्या, समोर मोठी माणसं बघून ती बाजूला ठेवली आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? सही करायला, मनीऑर्डरचा फॉर्म भरायला, बायबल वाचायला, मतदार नोंदणीचा कागद वाचायला. तोच अभ्यासक्रम झाला.

मग सेप्टिमाबाईंनी काय केलं? अशा बर्निस तयार केल्या. शिकवणारे शोधले, त्यांना प्रशिक्षण दिलं, त्यांच्यासाठी साहित्य बनवलं, गावोगाव जाऊन वर्ग उभे केले. पुढे 1961 मध्ये हे काम मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेकडे गेलं, तेव्हाही त्या प्रशिक्षणच बघत होत्या. एवढा अनुभव असताना फळ्यापुढे उभं राहायचा मोह आवरणं सोपं नसतं हो. मला अजून पूर्ण जमत नाही. कुणी अपूर्णांक शिकवत असेल तर माझा हात खडूकडे जातोच.

एक विषय थोडक्यात, पण तो टाळता येण्यासारखा नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची ओळख आणि पूर्वीच्या कामाची चौकशी, बंद दाराआड एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकटं बसायचं नाही, मुलाची तक्रार कुणाकडे न्यायची हे भिंतीवर लिहिलेलं. आमच्याकडे हे नियम आले तेव्हा सगळ्यांत जास्त दुखावले गेले ते ज्येष्ठ शिक्षक. "आयुष्य मुलांत गेलं, आता आमची चौकशी?" होय, आता. चौकशीचा पहिला फॉर्म मी माझा भरला आणि सभेत टेबलावर ठेवला. त्यानंतर कुणी फार वाद घातला नाही. दोघांनी यायचं थांबवलं, तो त्यांचा निर्णय.

आता पदाच्या मुदतीबद्दल. शिक्षकाला निवृत्तीचं वय असतं, विश्वस्ताला नसतं. नोकरीत अठ्ठावन्न-साठला हसत हसत खुर्ची सोडलेली माणसं संस्थेच्या खुर्चीत पंचाऐंशीपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत. तीन वर्षांची मुदत आणि सलग दोनदाच, असा नियम आम्ही घटनेत घालून घेतला. ब्रिटनमध्ये 1982 पासून 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' म्हणून निवृत्तांचे गट चालतात. तिथे परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. शिकवणारेही सभासदच आणि कारभार बघणारेही सभासदच. आज व्याख्यान देणाऱ्याने उद्या खुर्च्या मांडायला हरकत नसावी, हे मला त्यांच्या रचनेतून फार आवडलं. आपल्याकडे माजी अध्यक्षाने साधा सभासद होणं म्हणजे अपमान, अशी काहीतरी समजूत आहे.

येत्या वार्षिक सभेत माझी दुसरी मुदत संपते. अध्यक्षपदासाठी मी सध्याच्या सचिवांचं नाव सुचवणार आहे. त्या एका गोदामाचं काम बघतात. कोणत्या दिवशी किती माणसं लागतील, कोण आलं नाही तर कुणाला बोलवायचं, हे त्यांना झोपेतही सांगता येतं, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेले चार स्वयंसेवक त्यांच्यामुळेच परत आले. बी.एड. सोडाच, त्यांनी कधी शिकवणीही घेतलेली नाही. "शिक्षणाच्या संस्थेचा अध्यक्ष शिक्षक नको का?" अशी कुजबुज सुरू झाली आहे, ती माझ्या कानावर आली आहे. मी हात मोजून पाहिले, निकाल काठावर आहे. अनुमोदन द्यायला हजेरीपटवाले सर तयार आहेत. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो सभेत उभं राहून बोलावा, जिन्यात नको. आणि सूचना लेखी द्यायची असेल तर शुद्धलेखन तपासलं जाणार नाही.