आधी कढई बघते

ऑफिसचं कॅन्टीन बंद झाल्यापासून दुपारी एक वाजला की मी बाहेर पडते. खिसा हलका, ठिकाण रोज नवं, एवढाच नियम. पाटी वाचतच नाही, आधी कढई बघते. तेल काळपट, वर फेस धरलेला, धूर थेट डोळ्यांत, तर तिथे न थांबता पाय आपोआप पुढे. गर्दी मात्र हवीच. माल खपतो म्हणजे पडून राहत नाही. शिजलेलं अन्न साध्या हवेत 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर 60 अंश सेल्सिअसच्या वर. म्हणून पातेल्यातून वाफ येतेय का, हे मी निर्लज्जपणे वाकून बघते. मालक वैतागतात. वैतागू देत.

परवा मात्र फसले. वाफ होती, गर्दीही होती, पण तिखट एवढं की कानशिलं तापली. घटाघटा पाणी प्यायले, उपयोग शून्य. मिरचीतला जाळ पाण्यात धड विरघळतच नाही. शेजारी उभ्या काकांनी काही न बोलता त्यांच्यासाठी आलेला दुधाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. बोटांना तेल, नाकाला धार आणि रुमाल ऑफिसात.

उद्या पुन्हा तिथेच जाणार आहे. तिखट कमी सांगून.