घुंगरमाळा काढलेली गाडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निवृत्त झालो तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही: "सर, दोन शेजारी देश, माती तीच, पाऊस तोच, पीकही तेच, मग एक वर कसा जातो अन् दुसरा खाली कसा?"

वर्गात मी पश्चिम आफ्रिकेतल्या घाना अन् आयव्हरी कोस्टचं सांगायचो. दोन्हीकडं कोको. घाना १९५७ ला स्वतंत्र झाला, आयव्हरी कोस्ट १९६० ला. घानाचे पहिले नेते एन्क्रुमा, त्यांना कारखाने उभारायची घाई. पैसा काढला कोकोतून. जगात भाव काही असो, शेतकऱ्याला सरकारी मंडळ देईल तोच. १९६६ ला एन्क्रुमांची सत्ता गेली, सवय राहिली. शेजारचे अध्यक्ष उफुए-बोआनी स्वतः कोकोचे बागायतदार. सरकार तिथंही कापून घ्यायचं, पण नवी लावणी करावीशी वाटेल इतकं हाती ठेवायचं. १९६० च्या दशकाच्या मध्याला घानात साडेपाच लाख टनांच्या आसपास कोको निघायचा, १९८३-८४ ला तो दीड लाखाच्या घरात आला. दुष्काळ अन् वणवेही होतेच. पण कितीतरी कोको चोरून सीमेपलीकडं जायचा, अन् आकडा वाढायचा शेजाऱ्याचा!

पोरं हसायची. मला हसू यायचं नाही. आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, सीमेवरच्या धर्माबादकडं. १९७२ ला महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच घालायचा. पलीकडं तेव्हाच्या आंध्रात, म्हणजे आताच्या तेलंगणात, व्यापाऱ्याला विकता यायचा. १९४८ पर्यंत दोन्हीकडचे आम्ही निजामाचेच, पुढं राज्यं वेगळी झाली एवढंच. सरकारकडून कापसाचा चुकारा, म्हणजे पैसा, हप्त्यानं यायचा, बहिणीचं लग्न काही हप्त्यानं होणार नव्हतं. वडील बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवायला लागले की कळायचं, आज गाडी कुठं निघाली. अन् इकडं भाव चढा असला त्या वर्षी तिकडच्या गाड्या आमच्याकडं!

आता अर्धंच सांगितलं म्हणाल. आयव्हरी कोस्टची भरभराटही टिकली नाही. जगात कोकोचा भाव पडला अन् १९८७ ला त्यांनी कर्जफेड थांबवली. तोवर घानानं १९८३ पासून शेतकऱ्याचा भाव वाढवत नेला होता, पीकही सावरायला लागलं होतं.

२०१८ च्या सुमारास धर्माबाद तालुक्यातली काही गावं म्हणाली, आम्हाला तेलंगणात घाला. तिकडं एकरी मदत, शेतीला चोवीस तास फुकट वीज. तेव्हा पुतण्याचा फोन आला, "काका, राज्य काही बदलंना. आजोबांची ती बैलगाडी आहे का अजून?"