आमची वाटचाल: चार बोटं माती

रोपवाटिका सुरू केली तेव्हा आमच्याकडे जपानी मेपलचे तीनच प्रकार होते. लाल पानांचा ब्लडगुड, हिवाळ्यात पोवळ्याच्या रंगाच्या फांद्या मिरवणारा सांगो-काकू आणि झालरीसारख्या कातरलेल्या पानांचा डिसेक्टम. कलमं आम्ही नवरा-बायको स्वतःच बांधायचो. बी पेरून जात हुबेहूब उतरत नाही, म्हणून साध्या हिरव्या मेपलच्या खुंटरोपावर हव्या त्या जातीची काडी बसवायची. त्यात हात लवकर बसला. विक्रीही बरी झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. पानांच्या कडा करपलेल्या, शेंडे वाळलेले. पाणी कमी पडतंय असं वाटून आम्ही सगळ्यांना तेच सांगत राहिलो. मग एका ताईंच्या बागेतलं मेलेलं झाड उपटून पाहिलं. खोड जिथे रुंदावतं आणि मुळं फुटतात, ती जागा चांगली चार बोटं मातीखाली होती. साल कुजलेली. ताईंनी झाड आमच्या कुंडीत होतं तेवढंच खोल लावलं होतं. म्हणजे चूक आमचीच.

त्या आठवड्यात एकूण एक कुंडी उकरली, रोपं वर उचलून पुन्हा लावली. ज्यांची झाडं गेली होती त्यांना बदलून दिली. वर्षाची कमाई त्यात गेली, पण दुसरा मार्ग आम्हाला मान्य नव्हता.

तेव्हापासून रोप देण्याआधी आम्ही जागा पाहतो. मेपलची मुळं उथळ. त्यांना ओल लागते, पण साचलेलं पाणी सोसत नाही. सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि गरम वाऱ्याला आडोसा हवा. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात लाल पानं हिरवट पडतात. मुळांवर ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळा पसरायचा, खोडाला टेकवायचा नाही. जिथे हिवाळ्यात पुरेशी थंडीच पडत नाही, तिथे आम्ही सरळ नको म्हणतो. विश्रांती न मिळालेलं झाड वर्षागणिक खंगत जातं आणि ते पाहवत नाही.

मोठी छाटणी पानगळीनंतर लगेच. वसंत जवळ आला की कापातून रस गळतो.

ताईंच्या बदललेल्या झाडाच्या छाटणीला यंदाही आम्हीच गेलो. कलमाच्या सांध्याखालून खुंटाचे दोन फुटवे वर आले होते. ते बुडापासून काढले आणि बुंध्याभोवतीची माती पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहिली.