आटे फ्रेंच, डोकं इंग्रज

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझा लेथ आहे, लोखंड फिरवत कापायचं यंत्र. एकच, बटाल्याचा, वडिलांनी घेतलेला. पंपाचे शाफ्ट, उसाच्या ट्रॉलीच्या पिना, बुश, असली कामं. विश्रामबागचे एक निवृत्त डॉक्टर रुमालात गुंडाळून गंजका बोल्ट घेऊन आले. म्हणाले, "असे सहा पाहिजेत."

जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. आठ एमएम. म्हटलं, काका, हा गणपती पेठेत कुठंही मिळेल.

"सगळी पेठ पालथी घातली. बसत नाही."

दोन आट्यांमधलं अंतर मोजायचा पिच गेज लावला तर आटा एक एमएमचा निघाला. बाजारातल्या आठच्या बोल्टला सव्वाचा असतो. डोक्याला तेराचा पाना जाईना, चौदाचा गरगर फिरायला लागला. म्हणजे डोकं व्हिटवर्थचं, जुन्या इंग्रजी इंची मापाचं! आटे मिलिमीटरात आणि पाना इंचात, असला बोल्ट आयुष्यात पाहिला नव्हता.

गाडी होती एमजी टीसी, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. (पोरगं म्हणालं, "हेक्टरवाले?" नाव तेच रे बाबा, पण ही इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनची.) बोल्टाची गोष्ट डॉक्टरांनीच सांगितली. हॉचकिस ही बंदुका करणारी फ्रेंच कंपनी. पहिल्या महायुद्धात तिनं इंग्लंडात कोव्हेंट्रीला कारखाना काढला. पुढं तो मॉरिस या इंग्रज मोटार कंपनीनं विकत घेतला, एमजीची इंजिनं तिथलीच. मशिनं फ्रेंच मापाची, ती कोण बदलणार? पण इंग्रज फिटरच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. मग आटे राहू दिले आणि डोकं बदललं. आमच्या एमआयडीसीत रोज हाच जुगाड चालतो.

माझ्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा स्क्रू, इंचाचा. मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर चढवावं लागतं. ते वडिलांच्या पेटीत ग्रीसमध्ये पडून होतं. ईएन ८ पोलादाची सळई घेतली, दोन दिवस गेले, सहाचे आठ केले. दोन बिघडले.

बोल्ट द्यायला गेलो आणि गाडी पाहिली. २०१९च्या महापुरात ती निम्मी पाण्यात होती. पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा, इंग्लंडच्या अ‍ॅश लाकडाचा, तो फुगून दार लागेना. माझे मिरजेचे दाजी सुतार. त्यांनी सागवानी खांब बसवला. पत्रा उचलून आत बघत म्हणाले, "ही तर बैलगाडीच की!" डॉक्टर रागावतील असं वाटलं, पण खूश झाले.

दाजी फार चुकले नाहीत. युद्ध संपलं १९४५ला आणि त्याच वर्षी ही गाडी बाजारात आली. नवं काही काढायला सवड कुठली? एमजीचीच युद्धाआधीची टीबी गाडी घेतली, बसायची जागा चार इंच रुंद केली, झालं. इंजिन १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर. एमजी उभी करणारा सेसिल किंबर मात्र त्याच फेब्रुवारीत लंडनला रेल्वे अपघातात गेला. चार वर्षांत सुमारे १०,००० गाड्या झाल्या. अमेरिकेत सुमारे २,००० गेल्या, त्याही उजव्या स्टेअरिंगच्याच! हिच्यानंतर आलेली टीडी जास्त आरामाची, पुढच्या चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन. पण तिची लोखंडी चाकं बुटकी. हिची १९ इंची, सायकलसारखी ताराची. फोटोत दोन्ही शेजारी बघितल्यावर मला तरी टीडी गुबगुबीत वाटली.

गाडी सुरू झाल्यावर डॉक्टर म्हणाले, बस. काच पुढं आडवी पाडली आणि मिरज रोडला लागलो. त्यांच्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारं मोठं मीटर. स्पीडोमीटर माझ्यासमोर! चालवणाऱ्याला वेग दिसत नाही, शेजारच्यानं सांगायचा.

"किती?" वाऱ्यात ओरडून विचारलं.

"पस्तीस!"

"बास? मैल आहेत की ते, किलोमीटर सांग!"

मी मनात पस्तीसला एक पूर्णांक सहानं गुणत होतो, तोवर स्पीडब्रेकर आला.