दशावताराचे संकलन: प्रगतीची तिसरी नोंद

मार्गशीर्षातल्या जत्रेत आमच्या देवळासमोर झालेल्या दशावतारी नाटकाचे संकलन मी दोन महिन्यांपासून करत आहे. मागच्या नोंदीत लिहिलेली चित्र आणि ध्वनी यांची जुळणी या महिन्यात मी पूर्णपणे मोडली आणि नव्याने मांडली. अशा लांब, सलग आणि लिखित संहिता नसलेल्या प्रयोगावर काम करणाऱ्या इतरांना उपयोग होईल, म्हणून त्याची कारणे येथे सविस्तर देतो.

साहित्य आधीचेच आहे. एक कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला तिकाटण्यावर होता, दुसरा रंगमंचाच्या डाव्या अंगाला, आणि पायपेटी व पखवाज यांच्या जवळ ध्वनीसाठी स्वतंत्र रेकॉर्डर ठेवला होता. आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) आणि आख्यान यांचा मी टिपलेला भाग 2 तास 40 मिनिटांचा आहे. दोन्ही कॅमेरे सेकंदाला 25 फ्रेम (स्थिर चित्रे) आणि 100 मेगाबिट या दराने चालले. म्हणजे तासाला 45 गिगाबाइट, आणि दोन्ही मिळून सुमारे 240 गिगाबाइट. कार्डावरून उतरवताना या वेळी प्रत्येक फाइलची चेकसम पडताळणी (प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का, याची तपासणी) केली, कारण मागच्या वर्षी एका कार्डावरच्या दोन फाइली अर्धवट उतरल्या होत्या आणि कार्ड पुसून झाल्यावरच ते माझ्या लक्षात आले. आता तीन प्रती आहेत. त्यांतील एक बहिणीच्या घरी असते.

संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्ह या प्रणालीची मोफत आवृत्ती वापरतो. माझ्या जुन्या संगणकावर एच.264 या पद्धतीने दाबून साठवलेल्या मूळ फाइली अडखळत चालतात. या पद्धतीत बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून साठवलेल्या असतात, त्यामुळे टाइमलाइनवर (तुकडे काळाच्या क्रमाने मांडायच्या पट्टीवर) मध्येच कोठे थांबले की संगणकाला मागेपुढे जाऊन ती फ्रेम नव्याने उभी करावी लागते. म्हणून डीएनएक्सएचआर एलबी या स्वरूपातल्या 1080 रेषांच्या प्रॉक्सी (फक्त संकलनापुरत्या हलक्या प्रती) रात्रभर लावून तयार केल्या. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, आणि तासाला साधारण 16 गिगाबाइट जागा देऊन काम सुरळीत होते.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या जुळणीत मी चित्राला आधार धरले होते. कॅमेऱ्याचे तुकडे ओळीने लावून प्रत्येकाखाली रेकॉर्डरचा ध्वनी बसवत गेलो. माझे दोन्ही कॅमेरे 29 मिनिटे 59 सेकंदांनी आपोआप थांबतात, त्यामुळे प्रत्येक खंडाजवळ ध्वनीही तुटला आणि पखवाजाची आवर्तने मध्येच कापली गेली. रेकॉर्डर मात्र एकदाही थांबलेला नव्हता. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झ, दोन वाहिन्या या हिशेबाने त्याच्या एका फाइलची 2 गिगाबाइटची मर्यादा 2 तास 4 मिनिटांच्या आसपास येते. तेथे त्याने नवी फाइल सुरू केली, पण त्या दोन फाइली एकमेकींना चिकटून लावल्या तर मध्ये ध्वनीचा एक नमुनाही (सर्वांत छोटे मापही) गळत नाही. प्रयोगाचा अखंड काळ फक्त या ध्वनीतच शिल्लक आहे, हे उमजल्यावर मी नवी टाइमलाइन उघडली, तो ध्वनी आरंभापासून शेवटपर्यंत अंथरला, त्याचा ट्रॅक कुलूपबंद केला आणि चित्राचे सगळे तुकडे त्याच्या हिशेबाने वर ठेवले.

ध्वनीच्या तरंगाकृतीवरून चित्र आणि ध्वनी आपोआप जुळवण्याची सोय चांगली आहे, परंतु तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. मागच्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक तुकड्यात पखवाजावरची थाप हातापेक्षा किंचित उशिरा ऐकू येत होती, आणि हा फरक तुकड्याच्या पहिल्या सेकंदापासूनच होता. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 25 फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमला जेमतेम 14 मीटर. हा मागचा कॅमेरा रंगमंचापासून साधारण तेवढ्याच अंतरावर होता. त्याच्या स्वतःच्या माइकवर थाप एक फ्रेम उशिरा पोचली, आणि संगणकाने त्या उशिरा पोचलेल्या थापेशी रेकॉर्डरची थाप इमानाने जुळवली. या कॅमेऱ्याचे सगळे तुकडे एक फ्रेम उजवीकडे सरकवल्यावर हा दोष गेला. मोठ्या मंडपात काम करणाऱ्यांनी कॅमेरा आणि वाद्ये यांतले अंतर चित्रणाच्या दिवशीच वहीत टिपून ठेवावे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म होता. आरंभी नेमका जुळलेला तुकडा शेवटाकडे जाईपर्यंत जवळजवळ दोन फ्रेमने ढळत होता, कारण कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळे तंतोतंत सारख्या गतीने चालत नाहीत. येथे ध्वनी पुढे जात होता, आणि तेच अधिक घातक असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला जाणवतो, उलट मागे पडल्यास सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत तो सहसा जाणवत नाही. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर, ही सवय आपल्या कानांना निसर्गानेच लावलेली आहे. ध्वनीचा वेग बदलून ही तूट भरता येते, पण कुलूपबंद केलेल्या ध्वनीला मला हात लावायचा नव्हता. म्हणून अर्ध्या तासाच्या प्रत्येक तुकड्याचे सुमारे दहा मिनिटांचे तीन भाग केले आणि प्रत्येक भाग नव्याने जुळवला. सांध्यावर चित्राची एखादी फ्रेम गळते. तो सांधा अशा जागी घेतला की तेथे दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र दिसणार आहे. आता कोठेही अर्ध्या फ्रेमपेक्षा जास्त फरक उरलेला नाही.

संकासुर या आडदशावतारातल्या विनोदी असुराच्या प्रवेशात सुमारे चाळीस सेकंद दोन्ही कॅमेरे एकाच वेळी थांबलेले होते. ही माझी चूक होती, दोघांच्या थांबण्याच्या वेळा मी आधीच एकमेकींपासून मागेपुढे ठेवायला हव्या होत्या. तेथे भाच्याने मोबाइलवर घेतलेली प्रेक्षकांची दृश्ये बसवली आहेत. मोबाइलची फ्रेमगती क्षणोक्षणी बदलती असल्याने ती आधी एफएफएमपेग या प्रणालीने स्थिर करून घेतली. 30 वरून 25 वर आणताना हालचाल थोडी तुटक होते, पण खाली संकासुराचे मालवणी बोलणे अखंड चालू आणि वर हसणारी माणसे, यांत ती खटकत नाही. हा भाग मला सगळ्या संकलनातला सर्वांत जिवंत भाग वाटतो.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाचे सूत्र ठरलेले असते आणि बोलणे त्या रात्रीचे असते. त्यामुळे कापायला बसण्यापूर्वी मी सगळे संवाद टाइमकोडसह (चित्रणातल्या नेमक्या वेळेसह) वहीत उतरवले. अकरा संध्याकाळी लागल्या, पण संपूर्ण प्रत आणि चाळीस मिनिटांची छोटी प्रत यांपैकी छोटीची आखणी आता कागदावरच झाली आहे. पदे कापताना एक नियम पाळतो: समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) शिरायचे आणि समेवरच निघायचे. संवादांमध्ये पुढच्या पात्राचा आवाज चित्राच्या आधी सुरू केला की राजसभेतली सवाल-जवाबाची चढाओढ टिकून राहते.

रंगांचे काम नुकतेच सुरू केले आहे. व्हेक्टरस्कोप या रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावरची त्वचेच्या रंगाची रेषा येथे उपयोगी पडत नाही, कारण सगळे चेहरे रंगवलेले आहेत. त्याऐवजी पखवाजवादकाचा पांढरा सदरा प्रमाण धरला आणि दोन्ही कॅमेऱ्यांत तो सारखाच पांढरा दिसेपर्यंत छटा जुळवल्या.

उपशीर्षकांसाठी मुक्त हा मोफत टंक निवडला आहे, त्यात जोडाक्षरे छोट्या पडद्यावरही स्वच्छ वाचता येतात. पौराणिक पात्रांची भाषा प्रमाण मराठी असल्याने तेथे अडचण नाही. संकासुराच्या मालवणीचे मात्र काय करावे, हे ठरलेले नाही. सध्या मालवणी ओळ तशीच ठेवून फक्त अवघड शब्दांचा अर्थ खाली देऊन पाहत आहे. पुढच्या आठवड्यात या पद्धतीने केलेली दहा मिनिटे मंडळातल्या ज्येष्ठ कलाकारांना दाखवायची आहेत, आणि त्यांचे मत ऐकेपर्यंत उरलेल्या ओळी लिहायला घेणार नाही.