लिटल मोरटन हॉल: वाकलेलं घर कसं पाहावं

इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात, काँगल्टन गावाच्या दक्षिणेला, साधारण ४ मैलांवर, ए-३४ रस्त्यालगत खंदकाने वेढलेलं हे ओकच्या लाकडाचं घर आहे. ग्रेड १ म्हणजे सर्वोच्च श्रेणीची संरक्षित वास्तू, १९३८ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे. काँगल्टन किंवा किड्सग्रोव्ह स्टेशनवरून टॅक्सी करावी लागते, परतीचीही आधीच ठरवा. हिवाळ्यात घर बंद असतं, तेव्हा तारखा आणि वेळा पाहूनच निघा.

पूल ओलांडायची घाई नको. अलीकडच्या काठावरून देवडीची दक्षिण बाजू सावकाश पाहा. आडव्या तुळया कुठे खचल्या, खांब कुठे ओळंब्यात नाहीत, हे इथूनच कळतं. सगळ्यात वर सलग खिडक्यांची रांग दिसते, ती ६८ फुटी लाँग गॅलरी, म्हणजे लांबट दालन. ती मूळ आराखड्यात नसावी, असं मानलं जातं. छपरावर ग्रिटस्टोन या खरबरीत वालुकाश्माच्या जड फरश्या आणि खाली भिंतीऐवजी काचा, म्हणजे चौकट ताठ ठेवणारे तिरपे दांडे बसवायला जागाच नाही. सगळा भार खालच्या मजल्यांवर आला आणि ते वाकले. पुढे पोलादी सळ्या घालून गॅलरी आवळली. वर गेल्यावर जमिनीचा चढउतार पायाला जाणवतो. सपाट तळव्यांचे बूट घाला. गॅलरीच्या दोन्ही टोकांना, तिकोनी भिंतींवर, नियती आणि दैवचक्र यांची गिलाव्यातली चित्रं आहेत. ती पाहिल्याशिवाय खाली उतरू नका.

घराचा काळा-पांढरा रंग मात्र मूळचा समजू नये, ती व्हिक्टोरियन काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली आवड. पूर्वी ओक उघडाच राहून रुपेरी व्हायचा आणि मधल्या कुडाच्या भिंतींना गेरूसारखा पिवळट रंग असायचा.

चौकात पुढे आलेल्या दोन मोठ्या खिडक्यांपाशी थांबा. १५५९ साल, मालक विल्यम मोरटन आणि सुतार रिचर्ड डेल यांची नावं तिथे लाकडात कोरलेली आहेत. कारागिराचं नाव मालकाच्या जोडीने दर्शनी भागावर यावं, हे फार मोलाचं वाटतं. अक्षरं उंचावर आहेत, छोटी दुर्बीण लागतेच. घरभर मिळून शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले ३०,००० काचेचे तुकडे आहेत. चौकोन, गोल, त्रिकोण, शंकरपाळे, अशा नाना नक्ष्यांत.

बैठकीच्या खोलीतली भिंतीवरची रंगचित्रं १९७६ मध्ये नंतर बसवलेल्या लाकडी फळ्यांच्या आवरणामागे सापडली. खोलीत उजेड कमी असतो, बाहेरून येताच काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत थांबा.